जुनी खिडकी बदलण्यापूर्वी : काच, चौकट आणि भिंत तपासण्याची रीत

फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा वाशीम जिल्ह्यातील आमच्या घराच्या एका खिडकीचे तावदान फुटले आणि दिवाणावरच्या गोधडीत शिरलेल्या काचेच्या कपच्या पुढे आठ दिवस बोटांना लागत राहिल्या. त्याच भिंतीत आजोबांच्या काळची, सागवानी फळ्यांच्या पल्ल्यांची दुसरी खिडकी होती. तिच्यावर बोटाच्या पेराएवढे खळगे पडले, पण ती शाबूत राहिली. तेव्हापासून कोणी ‘जुन्या खिडक्या काढून मजबूत काचेच्या नव्या बसवू का’ असे विचारले, की मी आधी ती खिडकी पाहायला जातो. एकाच घरातल्या दोन खिडक्यांसाठीही उत्तर वेगळे निघू शकते.

‘मजबूत काचेची’ म्हणून जी आघातरोधक खिडकी सांगतात, म्हणजे वाऱ्याने उडालेली वस्तू आदळली तरी भोक न पडणारी, ती मुळात चक्रीवादळांच्या प्रदेशातली. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर अमेरिकेतील फ्लोरिडात तिचे नियम कडक झाले. तिथल्या कसोटीत सुमारे चार किलो वजनाचा लाकडी वासा सेकंदाला पंधरा मीटर वेगाने काचेवर मारतात आणि त्यानंतर वाऱ्याच्या दाबाचे हजारो हिसके देतात. काचेला तडे गेले तरी चालते, पण तिला भोक पडता कामा नये. ही अट घालण्याचे कारण असे, की वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटली तर आत शिरलेली हवा छताला खालून उचलते. टिनाच्या छताखाली राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. मात्र इमारतीचे आराखडे करताना वापरायच्या भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, तर किनाऱ्याजवळच्या भुवनेश्वरसाठी ५० मीटर धरलेला आहे. आपल्याकडे मे-जूनचे वादळ जोरदार असते, पण किनाऱ्यावरच्या चक्रीवादळासारखे तासन्‌तास चालत नाही. त्यामुळे संपूर्ण आघातरोधक खिडकीची गरज आपल्या गावांत क्वचितच पडते. गरज असते ती न विखुरणाऱ्या काचेची, आणि टिनाचे हूक ढिले असतील तर पहिला खर्च त्यांच्यावर करावा.

दुकानात दोन प्रकारच्या काचा दाखवतात आणि त्यांत नेहमी गोंधळ होतो. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे बोथट, बारीक तुकडे होतात, पण ते तुकडे खाली पडतात आणि खिडकी उघडी पडते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये चिवट पारदर्शक थर असतो. तडे गेले तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात, आणि पाऊस व वारा बाहेरच थांबतात. गारपिटीसाठी मी लॅमिनेटेडच सुचवतो. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, म्हणून माप अर्धा सेंटिमीटर जरी चुकले तरी ती वाया जाते. काचेवर आयएस २५५३ या सुरक्षा-काचेच्या भारतीय मानकाची खूण आहे का, ते स्वतः पाहून घ्यावे.

आता तपासणीकडे वळू. सुरुवात भिंतीपासून करावी, कारण काळ्या मातीच्या गावात निम्मे उत्तर तिथेच मिळते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पाया उथळ असेल तर भिंतीलाही सोबत हलवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर किंवा खाली गेलेली दिसली, तर तिच्यावर पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख लिहावी आणि एक पावसाळा व एक उन्हाळा थांबावे. भेग रुंदावत असेल तर आधी पाया आणि भिंत दुरुस्त करावी. त्यानंतर सुतळीने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत एक सेंटिमीटरभर फरक असेल तर चौकट वाकलेली आहे. अशा चौकटीत घट्ट बसवलेली नवी काच गार न पडताही तडकते, आणि दोष मात्र काचेच्या माथी येतो. विटा मातीच्या गाऱ्यात रचलेल्या असतील, तर नव्या खिडकीचे बोल्ट कितीही लांब असले तरी भिंत त्यांना धरून ठेवत नाही.

मग लाकूड पाहावे. चौकटीचा तळ आणि भिंतीत गेलेली बाजू पेचकसाच्या मुठीने ठोकावी. आवाज पोकळ आला, पेचकसाचे टोक सहज आत गेले किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी आहे आणि ती चौकट बदलावीच लागेल. पल्ला श्रावणात अडकतो म्हणून चौकट मोडीत काढू नये, कारण दमट हवेत लाकूड फुगते आणि दिवाळीनंतर तोच पल्ला मोकळा होतो. आलापल्ली-बल्लारपूरकडचा जुना, पिकलेला सागवान निरोगी असेल, तर तो उपटून त्या जागी पातळ ॲल्युमिनियम बसवणे मला पटत नाही. तसे लाकूड आज त्या पैशांत मिळत नाही.

चौकट सरळ आणि लाकूड निरोगी असेल, तर फक्त काच बदलावी. त्यात वजनाचा हिशेब ठेवावा लागतो. एक चौरस मीटर काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. आठ चौरस फुटांच्या पल्ल्यात तीन मिलिमीटरची काच साडेपाच किलोची असते, तर सहा मिलिमीटरची लॅमिनेटेड काच अकरा किलोच्या पुढे जाते. दोन बिजागऱ्यांवर तो पल्ला वर्षभरात खाली लोंबतो, म्हणून मधोमध तिसरी बिजागरी आणि लांब स्क्रू घ्यावेत. पल्ल्याची खाच नव्या जाडीसाठी पुरेशी खोल आहे का, ते सुताराकडून आधी पाहून घ्यावे. काच न्यूट्रल सिलिकॉनमध्ये बसवावी. आंबट वासाचे सिलिकॉन मधल्या थराला खराब करते आणि काचेच्या कडा हळूहळू पांढुरक्या पडतात. तळाच्या पट्टीत पाणी साचू देऊ नये.

चौकटच गेली असेल, तर यूपीव्हीसी (एक कडक प्लास्टिक) किंवा ॲल्युमिनियमचा विचार करावा. यूपीव्हीसीच्या पोकळीत लोखंडी पट्टी आहे की नाही, हे नमुन्याचा कापलेला तुकडा मागून डोळ्यांनी पाहावे, आणि आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गडद रंगापेक्षा पांढरा घ्यावा. स्लायडिंग खिडकी सांगण्यापूर्वी कूलर कुठे बसणार ते ठरवावे. स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, आणि कूलरची ओली हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला वाट नसेल तर खोली गार न होता नुसती दमट होते. आमच्या शेजारी ही चूक झाली आणि एप्रिलमध्ये नवी जाळी कापावी लागली. पश्चिमेच्या खिडकीत मजबूत काच लावल्याने ऊन कमी होत नाही. तिथे आधी छज्जा किंवा बाहेरून हिरवी नेट हवी.

सगळ्या खिडक्या एकदम बदलण्याची गरज नाही. ज्या बाजूने तुमच्या गावात वादळ येते, ती बाजू वडीलधाऱ्यांना विचारावी आणि त्या बाजूची, ज्या खिडकीखाली कोणी झोपते ती खिडकी पहिली घ्यावी. दरपत्रकात काचेची जाडी, मधला थर, चौकटीचे साहित्य, बसवणूक आणि कडेचे प्लास्टर हे सर्व वेगवेगळे लिहून मागावे. काम कापूस-तुरीचे पैसे हाती आल्यावर आणि फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीपूर्वी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत करावे. तेव्हा लाकूडही कोरडे असते आणि माप खरे निघते. ज्यांच्या घरी फळ्यांचे जुने पल्ले अजून आहेत, त्यांनी ते फेकू नयेत. नव्या काचेच्या बाहेरून त्यांना पुन्हा बिजागऱ्या लावून घ्याव्यात आणि आभाळ पिवळसर होऊन वारा थांबला, की आधी ते ओढून आडणा घालावा.