फिलिपिनो कर्मचारी थेट नेमताय? कागदपत्रांतल्या या चुका टाळा

दुबई, शारजा, दोहा किंवा सिंगापूरला मराठी माणसाच्या क्लिनिकात, हॉटेलात नाहीतर ट्रेडिंग कंपनीत फिलिपिनो सहकारी हमखास असतो. मग कधीतरी एखादी चांगली नर्स किंवा अकाउंटंट थेट मनिलाहून बोलवायची ठरते. व्हिडिओ कॉलवर मुलाखत होते, पगार ठरतो, व्हिसा निघतो, तिकीट पाठवलं जातं. आणि निघायच्या दिवशी मनिला विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीशी घोडं अडतं. माणूस बॅगा घेऊन घरी परततो, इकडे मालक वैतागतो, ‘हिला साधे कागद जमवता आले नाहीत का?’

या तक्रारीतच मला पहिली चूक दिसते. कागद तिचे असले तरी त्यातले निम्मे मालकाच्या टेबलावरून निघतात, आणि बिघाडही बहुतेक वेळा तिथेच होतो. म्हणून हा लेख कामगारापेक्षा जास्त एचआर आणि पीआरओ, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या मंडळींसाठी.

‘व्हिसा हातात आहे, आता काय राहिलं?’

आपला अनुभव आपल्याला फसवतो. भारतातून निघताना दहावी पास झालेल्याला बहुधा ईसीआरचा, म्हणजे पासपोर्टवरच्या ‘परदेशी नोकरीला सरकारी मंजुरी आवश्यक’ या शेऱ्याचा, अडसर नसतो. व्हिसा आणि तिकीट घेऊन माणूस विमानात बसतो. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून ती मंजुरी घेण्याची भानगड मुख्यतः ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर आहे त्यांना, आणि तीही ठरावीक देशांपुरती. फिलिपिन्समध्ये अशी वर्गवारी नाही. परदेशी नोकरीला निघालेला सुतार असो की सॉफ्टवेअर इंजिनिअर, सरकारी मंजुरीशिवाय त्याला सोडत नाहीत.

मुळात तिथे थेट भरतीवर कायद्यानेच बंदी आहे. 1974 च्या कामगार संहितेचं कलम 18 सांगतं की परदेशी मालकाने फिलिपिनो कामगार अधिकृत संस्थांमार्फतच घ्यायचा. राजनैतिक अधिकारी, आंतरराष्ट्रीय संस्था आणि मंत्री परवानगी देतील असे मालक एवढेच यातून सुटतात. म्हणजे आपण ज्याला ‘डायरेक्ट हायर’ म्हणतो ती बंदीतून मिळालेली सूट आहे, आणि सूट मागणाऱ्याने आपण तिला पात्र आहोत हे दाखवायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे कागद का मागतात ते आपोआप कळतं.

पूर्वी हे काम पीओईए नावाचं खातं बघायचं. 2021 च्या शेवटी झालेल्या कायद्याने ते नव्या स्थलांतरित कामगार खात्यात, म्हणजे डीएमडब्ल्यूत विलीन झालं आणि परदेशांतल्या फिलिपिन्सच्या कामगार कार्यालयांचं ‘पोलो’ हे नाव बदलून एमडब्ल्यूओ झालं. जुन्या याद्या आणि फॉर्म अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. ज्या यादीवर पीओईए आणि पोलो लिहिलंय ती बाजूला ठेवा आणि खात्याच्या संकेतस्थळावरची आजची यादी काढा.

आपण सवलतीत बसतो का, हे शेवटी तपासणं

व्यावसायिक आणि कुशल कामगारांना थेट घेता येतं, पण करारातल्या अटी खात्याच्या किमान अटींपेक्षा सरस हव्यात, आणि एका मालकाला पहिल्यांदा असे पाचच जण घेता येतात. दहा वेटर थेट आणायचा बेत असेल तर तो सोडा. परवानाधारक एजन्सी गाठा आणि आपली कंपनी तिच्यामार्फत नोंदवून घ्या. एजन्सीचा परवाना चालू आहे, निलंबित आहे की रद्द झालाय, हे खात्याच्या संकेतस्थळावर नावानिशी दिसतं.

घरकामाला किंवा मुलं सांभाळायला बाई हवी असलेल्या कुटुंबांनी थेट भरतीच्या वाटेला जाऊच नये. ही सवलत कुशल आणि व्यावसायिक कामगारांची आहे, घरकामाची नाही. शिवाय देशानुसार बंदी येते-जाते. कुवेतसाठी 2018 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये फिलिपिन्सने कामगार पाठवण्यावर निर्बंध आणले होते. तेव्हा ऑफर लेटर टाइप करण्याआधी आपल्या देशाची सद्यस्थिती बघून घ्यावी.

करारपत्र: सगळं इथेच अडतं

मालकाने ऑफर लेटर पाठवायचं, कामगाराने सही करून ते मनिलाला खात्यात न्यायचं, असा समज आहे. खातं ते घेत नाही. करार आधी मालकाच्या देशातल्या एमडब्ल्यूओकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो. जिथे एमडब्ल्यूओ नाही तिथे फिलिपिन्सच्या दूतावासाकडून किंवा वाणिज्य दूतावासाकडून. मनिलात बसलेल्या मुलीला हे करता येत नाही, ते मालकाच्या माणसानेच करायचं. तिकीट आधी काढून करार मागाहून तपासायला नेणं म्हणजे वरातीमागून घोडं.

तपासणीला जाण्यापूर्वी करार स्वतः एकदा डोळ्यांखालून घाला. कामाचे तास आणि जादा कामाचा मोबदला, येण्या-जाण्याचं भाडं, राहणं-जेवण किंवा त्याऐवजी भत्ता, नोकरीवरून काढण्याची कारणं, आणि मृत्यू किंवा युद्धासारख्या प्रसंगात मायदेशी पाठवण्याची जबाबदारी, हे सगळं त्यात लिहिलेलं हवं. शेवटचा मुद्दा आपल्या नमुना करारात बहुधा नसतो. ‘कंपनीच्या धोरणानुसार’ हे आपलं लाडकं वाक्य तिथे चालत नाही, आकडा लिहा.

मग तीन जुळण्या बघा. करारातला पगार आणि वर्क परमिटवरचा पगार एकच हवा. आखातात मूळ पगार आणि भत्ते वेगळे दाखवायची पद्धत आहे, त्यात हा घोळ फार होतो. पदाचं नाव दोन्हीकडे तेच हवं. करारात ‘अकाउंटंट’ आणि व्हिसावर ‘सेल्समन’ असलं की प्रश्न आलाच. आणि सही करणाऱ्याचं नाव ट्रेड लायसन्सवर किंवा अधिकारपत्रात दिसायला हवं. मालक सुट्टीवर आहेत म्हणून ऑफिस मॅनेजरने मारलेली सही परत येते.

कामगाराकडून आणखी एक कागद घेतात: ही नोकरी मिळाली कशी, याचं नोटरी केलेलं निवेदन. लोक ते दोन ओळींत उरकतात. जाहिरात कुठे बघितली, मुलाखत कुणी, कशावर घेतली, कुणाला पैसे दिले का, हे सरळ लिहावं. खात्याला शोधायचा असतो मधला दलाल. तेव्हा निवेदनात एक गोष्ट आणि मालकाच्या पत्रात दुसरी असं होता कामा नये. खात्यातून मालकाला विचारणा झाली तर उत्तर देणारा माणूसही ठरलेला हवा. रिसेप्शनवर फोन उचलून ‘असं कुणी घेतलेलं नाही’ असं सांगणारे महाभाग असतात.

नावाचा घोळ

हा तर खास आपल्या मराठी डोक्यामुळे होतो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि ते गाळलं तरी कुणी फारसं विचारत नाही. फिलिपिन्समध्ये मधल्या जागी आईचं माहेरचं आडनाव असतं. समजा पासपोर्टवर नाव आहे ‘मारिया क्रिस्टिना’, मधलं ‘डेलोस रेयेस’, आडनाव ‘पेन्या’. आपला टायपिस्ट हे सगळं एका ओळीत पाहतो, आडनाव ‘रेयेस’ धरतो आणि ‘पेन्या’ सोडून देतो. झालं, करार एका बाईचा आणि पासपोर्ट दुसऱ्या बाईचा.

त्यात ‘मारिया’ तिच्या जन्मदाखल्यावर नुसतं ‘मा.’ असं असू शकतं. ‘पेन्या’ रोमन लिपीत लिहिताना n वर स्पॅनिश लाटेसारखी खूण (ñ) असते, व्हिसाच्या संगणकात ती उडते. लग्न झालं असेल तर नवऱ्याचं आडनाव शेवटी येतं आणि बापाचं आडनाव मधे सरकतं, पण डिग्री मात्र जुन्याच नावाची. हे सगळं सांधायला तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाचा, पीएसएचा, जन्म आणि विवाह दाखला जोडावा लागतो. उपाय एकच: नाव बायोडेटावरून टाइप करू नका, पासपोर्टच्या स्कॅनवरून करा आणि पाठवण्यापूर्वी तिच्याकडून वाचून घ्या. पासपोर्टवर ‘ज्युनिअर’ असेल तर तेही लिहा, ते नावाचाच भाग आहे.

डिग्रीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे मंत्रालयाचा शिक्का घेऊन पुढे जावं लागतं, तसं तिथे आधी उच्च शिक्षण आयोगाकडून पडताळणी आणि मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लावलेलं प्रमाणपत्र. 14 मे 2019 पासून फिलिपिन्स अपोस्टील करारात आहे, त्यामुळे प्रमाणित कागदाला लावायची जुनी लाल रिबन गेली. ज्या देशाने तो करार स्वीकारलेला नाही तिथल्या दूतावासाचा शिक्का मात्र वर लागतोच. नोटरी केलेल्या कागदाला अपोस्टील हवं असेल तर आधी न्यायालयाकडून त्या नोटरीच्या अधिकाराचा दाखला आणावा लागतो. हा टप्पा ठाऊक नसल्याने फेरी वाया जाते.

क्रम उलटा करणं

उत्साही माणूस नोकरी ठरल्या दिवशी मेडिकल करतो. थेट भरतीत खात्याची मंजुरी पहिल्या टप्प्यात मिळते. वैद्यकीय तपासणी, विमा आणि प्रस्थानपूर्व शिबिर हे दुसऱ्या टप्प्यातलं. मंजुरी लांबली तर मेडिकलची मुदत संपते आणि पैसे पुन्हा भरावे लागतात. तपासणीही आरोग्य खात्याने मान्यता दिलेल्या क्लिनिकातच, घराजवळच्या डॉक्टरकडे नाही. मात्र पीईओएस हे प्राथमिक शिबिर ऑनलाइन आणि फुकट आहे, ते पहिल्याच दिवशी उरकावं.

विम्यावरून वाद होतात. एजन्सीमार्फत जाणाऱ्याचा विमा एजन्सी काढते. थेट भरतीत कायदा म्हणतो की कामगाराला मालकाला हप्ता भरायला सांगता येतं किंवा स्वतः भरता येतो. कायद्यातलं किमान संरक्षण अपघाती मृत्यूला 15,000 डॉलर आणि नैसर्गिक मृत्यूला 10,000 डॉलर आहे. तो हप्ता मालकाने भरावा असं माझं स्पष्ट मत आहे. ओवा या कल्याण संस्थेची 25 डॉलरची वर्गणीही करारात मालकाकडे लिहून टाकावी. ती दोन वर्षं चालते.

सगळ्यात शेवटी मिळतं ते ओईसी, म्हणजे परदेशी नोकरीचं प्रमाणपत्र. ते 60 दिवस चालतं आणि एकाच प्रवासाला. ते दाखवलं की प्रवास कर आणि विमानतळ शुल्क माफ होतं. प्रवास कर इकॉनॉमीला 1,620 पेसो असतो, म्हणजे फायदा अगदीच किरकोळ नाही. तुम्ही इकडून रुजू व्हायची तारीख दोन महिने पुढे ढकलली की ते प्रमाणपत्र बाद होतं, हे एचआरच्या लक्षात नसतं.

सुट्टीला गेली आणि अडकली

आता आखातातलं नेहमीचं प्रकरण. मुलगी व्हिजिट व्हिसावर दुबईला आली, इथेच नोकरी लागली, व्हिसा बदलला. दोन वर्षं सुरळीत गेली. डिसेंबरात नाताळला घरी गेली आणि परतताना ओईसी मागितलं. खात्याच्या नोंदीत ती कामगार म्हणून नाहीच! मग तिकडून इकडे फोन, सगळे कागद कुरिअर, कार्यालयांना सुट्ट्या, आणि ती जानेवारीभर घरी.

जुन्या कामगारांना ओईसीतून सवलत मिळते, पण अट अशी की मालक तोच, ठिकाण तेच, आणि आधीची नोंद खात्याकडे असली पाहिजे. तुमच्याकडे आलेली व्यक्ती दुसऱ्या कंपनीतून आली असेल तर तिची जुनी नोंद इथे कामाला येत नाही. म्हणून अशा प्रत्येक फिलिपिनो कर्मचाऱ्याचा करार रजेचा अर्ज यायच्या कितीतरी आधी, ती इथे असतानाच, एमडब्ल्यूओत तपासून घ्या. नाताळाआधी तिथे गर्दी असते, ऑक्टोबरात नसते.

पर्यटक म्हणून पाठवणं, आणि दलाल

‘हाँगकाँगला फिरायला म्हणून जा, तिथून ये’ असा सल्ला देणारे भेटतात. इमिग्रेशनचे अधिकारी नेमकं हेच शोधत असतात. मोबाइलमध्ये ऑफर लेटर सापडलं की प्रवास थांबतो आणि मानवी तस्करीच्या अंगाने चौकशी होते. अशा प्रसंगी खोटं बोलून मुलगी गोत्यात येते. तुमचं नुकसान फार तर तिकिटाचं.

दलालांना तिथे ‘फिक्सर’ म्हणतात आणि फिक्सिंग हा गुन्हा आहे. 2018 च्या कायद्याने साध्या कामाला 3, गुंतागुंतीच्या कामाला 7 आणि अतितांत्रिक कामाला 20 कामाचे दिवस अशी मर्यादा घातली आहे. अर्ज पूर्ण असूनही तो पडून राहिला तर कामगाराने 8888 या सरकारी तक्रार क्रमांकावर फोन करावा. त्याआधी अर्जाची पोच हातात हवी, आणि ‘त्रुटी’ म्हणून परत आलेला कागद अजून मालकाच्याच टेबलावर तर पडलेला नाही ना, हे बघावं.