चीनला कुटुंबासह येताय? आधी कागद, मग कुकर

चीनला जायचं ठरलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो, "तिकडे खाण्यापिण्याचं काय?" खाण्यापिण्याचं होतं. कुटुंबाचे हाल होतात ते कागदांपायी. मी सूजौला राहते. शांघायहून बुलेट ट्रेनने हे शहर अर्ध्या तासावर आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीत दरवर्षी नवी मराठी कुटुंबं येतात आणि जवळपास सगळी त्याच त्या दगडांना ठेचकाळतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझा अनुभव सूजौ-शांघाय पट्ट्यातला आहे. बीजिंग किंवा ग्वांगजौला जाणाऱ्यांनी तिथल्या माणसांनाही विचारावं.

कागद म्हणजे मुख्यतः दोन: विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले. नवरा किंवा बायको, जो नोकरीवर येतो, त्याचे कागद कंपनी बघते. मागून येणाऱ्या कुटुंबाचे कागद कोणी बघत नाही. हे दाखले आधी राज्य शासनाकडून, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी चीनच्या वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावे लागतात. हा शेवटचा शिक्का लोक विसरतात. नोव्हेंबर २०२३ पासून चीन अपोस्टिल करारात (आपल्याच सरकारच्या एका शिक्क्यावर दाखला दुसऱ्या देशात मान्य करणारा करार) आला, त्यामुळे "आता अपोस्टिल केलं की झालं" असं जिकडेतिकडे ऐकू येतं. इतर अनेक देशांसाठी ते खरं आहे. पण भारत आणि चीन यांच्यात तो करार लागू झालेला नाही. एजंट कितीही छातीठोकपणे सांगू दे, आपण स्वतः चीनच्या व्हिसा केंद्रात ताजा नियम विचारायचा आणि मगच पैसे द्यायचे.

आमच्या सोसायटीत नाशिकचं एक कुटुंब आलं. एजंटने अपोस्टिलचा स्टिकर लावून कागद हातात ठेवले होते. बायको-मुलं पर्यटक व्हिसावर आली आणि इथे राहण्याच्या परवान्यासाठी गेल्यावर कागद परत आले. आई आणि दोन्ही मुलं भारतात परतली. शाळेची पहिल्या सत्राची फी भरून झाली होती, ती परत मिळाली नाही. धाकटी तोवर वर्गात रुळायला लागली होती. दिवाळी चौघांनी दोन देशांत काढली. एका शिक्क्यासाठी! म्हणून पुन्हा सांगते: वकिलातीचा शिक्का असल्याशिवाय कुटुंबाची तिकिटं काढू नका. आणि कुटुंबाचा व्हिसा पर्यटकाचा नको, एस-१ हवा. तो घेऊन आल्यावर ३० दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो.

याच्याच जोडीला नावाचा घोळ. आपल्याकडे लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव, हे सर्रास चालतं. कित्येक जन्मदाखल्यांवर तर मुलाचं नावच घातलेलं नसतं. इथे ते चालत नाही. पासपोर्टवर जे नाव आहे, त्याच स्पेलिंगने आणि त्याच क्रमाने ते प्रत्येक ठिकाणी लागतं. बँकेत खातं उघडताना कारकून आडनाव आधी टाकतो की नंतर, मधलं नाव जोडून लिहितो की सोडून, याकडे काउंटरवर उभं राहूनच लक्ष ठेवा. बँकेत नाव एका पद्धतीने आणि अलिपे या पैसे देण्याच्या ॲपमध्ये दुसऱ्या पद्धतीने पडलं, की खातं जोडलं जात नाही आणि मग प्रत्येक काउंटरवरचा माणूस तुम्हाला दुसऱ्या काउंटरवर पाठवतो. बँकेने दिलेल्या पावतीवर नाव जसं छापलं असेल, तिचा फोटो काढून ठेवा आणि पुढे सगळीकडे तस्संच भरा.

आल्यावर २४ तासांच्या आत पोलिसांकडे राहण्याच्या पत्त्याची नोंद करायची असते. हॉटेलात उतरलात तर हॉटेल ती करतं. भाड्याच्या घरात किंवा मित्राकडे उतरलात तर ती तुमची जबाबदारी. घर बदललं, पासपोर्ट बदलला, नवा परवाना आला की नोंदही नवी. आईवडील भेटायला आले तरी त्यांचीही नोंद हवी, हे फार जण विसरतात. नोंद केली नाही तर २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. मुदतीबाहेर राहिलात तर दर दिवसाला ५०० युआन, कमाल १०,००० युआन. आणि पासपोर्ट कायम जवळ ठेवा.

फोनचा विचार भारतातूनच करून निघा. गुगल, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप इथे चालत नाहीत, आणि इथे त्याच्या जागी वापरतात त्या वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. म्हणजे आजी-आजोबांशी बोलायचं कसं, हा खरा प्रश्न. भारतीय सिम बंद करू नका. रोमिंगवरचा डेटा भारतातल्या कंपनीमार्फत जातो, त्यामुळे त्यावर व्हॉट्सॲप चालतं. शिवाय भारतातल्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. दोन्हीकडे आयफोन असतील तर फेसटाइम चालतं. नकाशासाठी गुगलचा नाद सोडा आणि आमॅप घ्या. पैसे देण्यासाठी अलिपे आणि वीचॅट इथे पोहोचल्यावर लगेच उतरवून घ्या, पासपोर्टने ओळख पटवा आणि कार्ड जोडा. परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यापुढे ३ टक्के लागतं. भाजीवाल्या आजीबाईसुद्धा क्यूआर कोडच पुढे करतात. थोडी रोकड मात्र असू द्या, फोनची बॅटरी संपली की तीच कामी येते.

घर बघताना एक गोष्ट कोणी सांगत नाही. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सरकारी हीटिंग असतं, ह्वाय नदीच्या दक्षिणेला ते नाही, आणि सूजौ-शांघाय दक्षिणेत मोडतात. जानेवारीत पारा शून्याच्या आसपास जातो, हवा दमट असते आणि घर बाहेरच्याइतकंच गार पडतं. दिल्लीची थंडी काढलेली माणसंही इथे कुडकुडतात. तेव्हा दक्षिणाभिमुख घर घ्या आणि जमिनीखालचं हीटिंग असेल तर भाडं थोडं जास्त पडलं तरी घ्या. एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं आगाऊ भाडं ही इथली रीत आहे. कंपनी घरभाडं देत असेल तर घरमालक 'फापियाव', म्हणजे सरकारी पावती, देणार का हे सही करण्याआधी विचारा. नंतर मालक त्या पावतीच्या कराची रक्कम तुमच्या माथी मारतो.

नळाचं पाणी पिऊ नका, मोठे जार घरपोच येतात. भारतीय वाहन परवाना इथे चालत नाही, आंतरराष्ट्रीय परवानाही नाही. आजारपणात मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आंतरराष्ट्रीय विभागात जा. पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०. इलेक्ट्रिक स्कूटर फुटपाथवरून आवाज न करता येतात, लहान मुलांचा हात सोडू नका.

आता खाणं. तूरडाळ, कढीपत्ता आणि पोहे साध्या बाजारात मिळत नाहीत. भारतीय वाणसामान ताओबाओ या ऑनलाइन खरेदीच्या ॲपवरून दोन-तीन दिवसांत घरी येतं. शाओशिंगजवळच्या क-छ्याओमध्ये कापडाचा व्यापार करणारे भारतीय इतके आहेत की तिथे वाणसामानाची दुकानं आणि खाणावळीही आहेत. सगळं भारतातून ओढून आणायची गरज नाही. मूग, शेंगदाणे, तीळ, कोथिंबीर, आलं-लसूण, भेंडी, कारली, साबुदाणा इथे ढिगाने मिळतं. ज्वारी हे तर उत्तर चीनचं जुनं पीक, ते लोक तिची दारू गाळतात. धान्य मागवून घरी दळलंत तर भाकरी होते. उकडीच्या मोदकांसाठी तांदळाची पिठी घेताना जपा. शेल्फवर एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी असतात. त्यातली 'नुओमी' म्हणजे चिकट तांदळाची. नुसती तीच घेतलीत तर पारी हाताला चिकटते आणि कळ्या बसून जातात. साधी पिठी घ्या आणि तीन वाट्यांना अर्धी वाटी नुओमी मिसळा, पारी फाटत नाही. नारळ हायनानचा मिळतो. मागवताना जून, तपकिरी नारळच मागवा, शहाळं नको.

शाकाहारींनी "वो छ्र सू" (मी शाकाहारी आहे) हे वाक्य पाठ करावं आणि तरीही ताटाकडे नीट बघावं. फरसबीच्या भाजीत किंवा मापो तोफूत खिमा असतो आणि तो मांस म्हणून मोजलाच जात नाही. बौद्ध मंदिरांजवळच्या शाकाहारी खाणावळी मात्र बिनघोर. तिथे कांदा-लसूणही नसतो.

एक गोष्ट लिहिणारच, कोणाला राग आला तरी चालेल. इथे वर्षानुवर्षं राहून आपली इंजिनिअर मंडळी चिनी शिकत नाहीत. शनिवारी एकाच्या घरी बिर्याणी, रविवारी दुसऱ्याच्या घरी, आणि गप्पा काय तर इथल्या वासांच्या आणि कंपनीच्या. याउलट ईवू आणि क-छ्याओमधले आपले व्यापारी शाळेची पायरी न चढता चिनीत घासाघीस करतात, कारण त्यांचं पोट त्यावर आहे. मुलं तर सहा महिन्यांत बोलायला लागतात, मग आई मुलाला दुभाषी करून डॉक्टरकडे नेते. हे मुलावर ओझं आहे. मागून आलेल्या बायकांना माझं कळकळीचं सांगणं: पहिल्याच महिन्यात शिकवणी लावा. नोकरी करणाऱ्याला ऑफिस असतं, तुम्हाला चार भिंती. संध्याकाळी सोसायटीच्या चौकात बायका नाचतात, त्यांच्यात जाऊन उभ्या राहा. त्या तुम्हाला ओढून रांगेत घेतील, वय विचारतील, पगारही विचारतील. त्यात आगाऊपणा नाही, ती त्यांची आपुलकीची रीत आहे. मी रात्री अकराला एकटी मेट्रोने येते, कधी मागे वळून बघावं लागलं नाही. सीमेवरच्या राजकारणाच्या गप्पा मात्र टाळा.

फिरायचं तर १ ऑक्टोबरचा आठवडा, १ मेची सुट्टी आणि चिनी नववर्ष सोडून फिरा. त्या दिवसांत लांब पल्ल्याची तिकिटं मिळत नाहीत आणि पर्यटनस्थळी मुलांना उचलून घ्यावं लागतं. रेल्वेची तिकिटं १५ दिवस आधी उघडतात, पासपोर्ट हेच तिकीट. ६ वर्षांखालचं एक मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट, पण त्याला वेगळी जागा नाही. डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, इन्स्टंट उपमा-पोहे तिथेच भिजतात. बीजिंगचा राजवाडा सोमवारी बंद असतो आणि त्याचं आरक्षण ७ दिवस आधी उघडतं. भिंत बघायला गर्दीच्या बादालिंगऐवजी मुत्यानयूला जा. उतरताना घसरगाडी आहे, मुलं खूश होतात.

आपली मंडळी शांघायचा 'बंड' नावाचा नदीकाठ, बीजिंगची भिंत आणि डिस्नेलँड उरकतात आणि चीन बघून झाला म्हणतात. मला ते फार लागतं. शीआनला सगळे मातीचे सैनिक बघतात (१९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले), पण त्याच शहरातल्या मोठ्या हंस पॅगोडाकडे पाठ फिरवतात. शाळेच्या पुस्तकातला आपला ह्युएन त्संग भारतातून पोथ्या घेऊन आला, त्या ठेवायला ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला होता. महाराष्ट्रातली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मुलांना पॅगोडासमोर उभं करून हे सांगा. लुओयांगच्या श्वेताश्व मंदिरात भारतीय पद्धतीचं एक मंदिर आहे. त्याचं उद्घाटन २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांनी केलं. हांगजौला तळ्यावर जाल तेव्हा लिंगयिन मंदिरासमोरची टेकडी चुकवू नका. ती भारतातून उडत आली अशी दंतकथा आहे.

आणि शिज्याज्वांग. बीजिंगहून बुलेट ट्रेनने तास-दीड तासाचं अंतर. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला आले, जपानविरुद्धच्या युद्धात आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, चीनमध्येच गेले. शिज्याज्वांगच्या हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आणि पुतळा आहे. इथल्या जुन्या माणसांना त्यांचं चिनी नाव 'ख दीह्वा' सांगून बघा, चेहरा बदलतो. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगचा सण असतो, तेव्हा शाळांच्या सहली येतात आणि समाध्यांवर फुलं वाहिली जातात. गर्दी नको असेल तर तो आठवडा टाळा. मुलांना घेऊन जाताना डॉक्टरांची गोष्ट गाडीतच सांगून ठेवा, कारण स्मारकातल्या बहुतेक पाट्या चिनीत आहेत.