कॅम्परव्हॅनने कोकण किनारा आणि सिंधुदुर्ग किल्ला : निवृत्त जोडप्यांनो, या चुका टाळा

कोकणात किलोमीटर मोजून दिवस आखला, की पहिली चूक तिथेच होते. श्रीवर्धनकडून मालवणकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता खाडी आली की थांबतो, आणि पुढे जायचं की नाही हे भरती-ओहोटी ठरवते. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या तिन्ही ठिकाणी गाडी जंगलजेटीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीने, पलीकडे न्यावी लागते. मोठी गाडी आणि साठीपुढचा चालक असेल तर दिवसाला १०० किमी पुष्कळ झाले. अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर ताशी २५-३० किमीच्या वर सरासरी पडत नाही.

जेटीवर "पोचू तेव्हा चढू"

कारला हे चालतं, कॅम्परव्हॅनला नाही. व्हॅनचा मागचा भाग चाकांच्या मागे बराच बाहेर आलेला असतो. ऐन सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, पाणी खाली गेलेलं असतं, त्यामुळे जेटीचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात तीव्र कोन तयार होतो. पुढची चाकं फळीवर चढली की शेपूट जेटीवर घासते. पहिला बळी जातो तो सांडपाण्याच्या टाकीच्या नळाचा, कारण बहुतेक गाड्यांत तो मागे, सगळ्यात खाली लोंबत असतो. शिवाय सुकतीला उघडी पडलेली जेटी शेवाळलेली असते आणि चाकं जागच्या जागी फिरतात.

म्हणून अर्धी भरती झाल्यावरच चढा. वेळ काढायचा जुना हिशेब अजूनही कामाला येतो : पंधरवड्यातल्या तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, नऊच्या सुमारास पूर्ण सुकती. हा हिशेब मुंबईचा आहे, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सुकती सर्वांत खोल जाते, त्या दोन-तीन दिवसांत जास्त जपा.

चढण्याआधी सांडपाण्याची टाकी रिकामी करा, मागचा सायकल-स्टँड आणि पायरी काढून ठेवा, सोबत्याला खाली उतरवा. दोन इंच जाडीच्या, तीन फूट लांबीच्या दोन फळ्या गाडीत असू द्या. त्या बोटीच्या फळीच्या कडेला टाकल्या की कोन सौम्य होतो. बोटीवर हँडब्रेक, गिअर आणि चाकाला ओट (अडसराचा ठोकळा), तिन्ही हवेत. गॅस सिलिंडरचा कॉक आधीच बंद केलेला असावा.

घाटात ब्रेकवर विसंबणं

भरलेली १०० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे १०० किलो वजन. देशावरून आंबा, फोंडा किंवा आंबोली उतरताना ३० लिटरच ठेवा, बाकी खाली भरा. ज्या गिअरमध्ये गाडी तो घाट चढेल, त्याच गिअरमध्ये उतरवा. जळका वास आला किंवा पेडल खोल जायला लागलं तर गाडी बाजूला घ्या, गिअरमध्ये ठेवा, ओट लावा आणि अर्धा तास थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकतो. हँडब्रेकही ओढू नका.

इथेच एक कागदी गोष्ट. वयाच्या ५५ नंतर नूतनीकरण केलेलं लायसन्स एका वेळी पाचच वर्षांचं मिळतं, तेही फॉर्म १-ए वरच्या वैद्यकीय दाखल्यासह. अनेकांच्या डोक्यात जुनी वीस वर्षांची मुदत बसलेली असते. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

माडाखाली मुक्काम

सावली छान, पण नारळ आणि झावळ कधी पडेल सांगता येत नाही. छपरावरचं सोलर पॅनल आणि हवेची झडप दोन्ही फुटतात. वाडीच्या सावलीत पॅनल वीजही देत नाही. २०० वॅटचं पॅनल उघड्या उन्हात दिवसाला ७००-८०० वॅट-तास देतं, माडाखाली जवळपास काहीच नाही.

आता बॅटरीचा हिशेब, कारण सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीत नावाला १२०० वॅट-तास असतात, पण निम्म्याखाली उतरवली तर ती लवकर मरते. म्हणजे हातात ६०० उरले. ४५-५० वॅटचा छोटा फ्रिज कोकणातल्या उकाड्यात अर्ध्याहून जास्त वेळ चालतो आणि एकटाच तेवढे खातो. रात्रभराचे दोन पंखे त्यात बसत नाहीत, एसीचं तर नावच नको. गाडी थोडा वेळ उभी ठेवून मीटर लावा : १२.२ व्होल्ट दिसले की बॅटरी निम्म्यावर आली.

बॅटरी भरलेली आहे आणि तरी फ्रिज सारखा बंद पडतो? फ्रिज सुरू होत असताना त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२.५ आणि तिथे ११ च्या खाली असेल तर वायर बारीक आहे किंवा जोडणीचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) खारट हवेने गंजलाय. लग घासून साफ करा, वायर ६ चौरस मिमीची टाका. बॅटरी बदलून हा दोष जात नाही.

घरगुती मुक्कामाला वीज घेताना १६ अँपिअरचाच पॉइंट मागा. एक टनाचा एसी आणि २००० वॅटचा गिझर एकत्र लावले की ट्रिप होऊ शकतं. एक्स्टेन्शन २.५ चौरस मिमीची असावी आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली, गुंडाळलेली वायर तापून वितळते. जांभ्याची जमीन फेब्रुवारीनंतर कोरडी पडते, तशी अर्थिंगही कमजोर होते. गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी भिंतीतला प्लग काढा, मग घरमालकाला अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला सांगा आणि वायरमनकडून तपासून घ्या. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर निघण्याआधी बसवाच.

संडासाची कॅसेट

१८-२० लिटरची कॅसेट, म्हणजे संडासाखालची काढता येणारी टाकी, दोघांना दोन-तीन दिवस पुरते. वास येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रिकामी केल्यावर तळाशी दोन लिटर पाणी न घालणं. ती ओढ्यात किंवा पुळणीवर (किनाऱ्यावरच्या वाळूत) ओतायची नाही, हे सांगावं लागू नये. यजमानांना विचारून त्यांच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी करा, मात्र फॉर्मल्डिहाइडचं रसायन वापरलं असेल तर त्यांच्या टाकीतले जिवाणू मरतात. एन्झाइमचंच घ्या.

मालवण बंदर आणि कुरटे बेट (सिंधुदुर्ग किल्ल्याचं बेट)

व्हॅन मालवणच्या बाजारपेठेत घालू नका. अरुंद बोळ, खाली आलेल्या तारा आणि आंब्याच्या फांद्या यांत ती अडकते. छपरावरच्या एसीसकट उंची मोजून आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा, गाडी तारकर्लीच्या बाजूला मुक्कामी ठेवा आणि धक्क्यावर रिक्षाने जा.

गाडी बंद करून निघालात की बऱ्याच व्हॅनमध्ये फ्रिजही बंद होतो, आणि उन्हात आतलं तापमान ४५ अंशांच्या पुढे जातं. त्यात इन्सुलिन ठेवून किल्ल्यावर जाणं ही महागात पडणारी चूक. न उघडलेलं इन्सुलिन मुक्कामाच्या घरातल्या फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्याला न टेकवता. वापरातलं पेन थंड पाण्याने विसळून पुसलेल्या थर्मासमध्ये सोबत घ्या. ओल्या फडक्याचा उपाय देशावर चालतो. कोकणच्या दमट हवेत पाणी वाळत नाही, म्हणून गारवाही येत नाही.

सकाळच्या पहिल्या होड्यांपैकी एक पकडा, दुपारनंतर खारा वारा सुटून लाटा वाढतात. मे अखेर ते ऑगस्ट अखेर होड्या बंदच असतात. चढताना होडी लाटेने वर येऊन धक्क्याच्या पातळीला आली की पाय टाका, नावाड्याचा पंजा नव्हे, मनगटाच्या वर पकडा. पट्ट्याची चप्पल घाला, पिशवी खांद्यावर तिरपी अडकवा. परतीसाठी होडीवाले साधारण तासाभराची वेळ देतात. ४८ एकरांच्या किल्ल्याला गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती पुरत नाही, म्हणून तिकीट काढण्याआधीच नंतरच्या होडीने यायला चालेल का, ते ठरवून घ्या. नाही म्हणाले तर महादरवाजा, शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी बघा आणि तटावर चढणं सोडा. तटाच्या पायऱ्या उंच आहेत, धरायला काही नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू झालेला हा तट खालूनही पुरेसा जबरदस्त दिसतो.

पुळणीवर गाडी नेणं आणि खार न धुणं

ओली पुळण कडक वाटते, पण तीन टनांची गाडी थांबली की पाच मिनिटांत रुतते. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका. टायरची हवा निम्म्यावर आणा, चाकांपुढची वाळू उकरा, त्या दोन फळ्या चाकाखाली घाला आणि हळू बाहेर काढा. डांबरी रस्त्यावर आल्या आल्या हवा भरा. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने चेसिस, ब्रेक आणि सरकत्या दाराची रूळपट्टी खालून धुवा. घरी पोचल्यावर धुऊ म्हणाल तर तोवर रूळपट्टी गंजून अडकलेली असते.