जिनिंगच्या ऑफिसात सर्व्हर जोडताना

जळगाव-धरणगाव पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) सहसा एक सर्व्हर, वजनकाट्यावर एक पीसी आणि हिशेबाला दोन-तीन. एवढ्याला टीसीपी/आयपी (संगणकांनी एकमेकांशी बोलायची पद्धत) वेगळं टाकावं लागत नाही, विंडोजमध्ये ते असतंच. खरं काम पत्ते, म्हणजे प्रत्येक पीसीचा नेटवर्कवरचा आयपी क्रमांक, नीट लावायचं.

आधी सर्व्हर. त्याला कायमचा आयपी द्या: समजा १९२.१६८.१.१०, सबनेट मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग कोणता ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणून राउटरचा पत्ता. मग राउटरमध्ये डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटण्याची) रेंज, म्हणजे पत्त्याचा शेवटचा आकडा, १०० ते २०० ठेवा, म्हणजे सर्व्हरचा पत्ता शेठजींच्या मोबाइलला जाणार नाही. हे झाल्याशिवाय मी क्लायंटला, म्हणजे बाकीच्या पीसींना, हात लावत नाही.

क्लायंटचा आयपी आपोआप मिळू द्या. सर्व्हरवर मात्र नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट करा आणि फाइल शेअरिंग चालू करा, नाहीतर फायरवॉल अडवतो. शेअरिंग एसएमबीवर (विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीच्या पद्धतीवर) चालतं, पोर्ट ४४५. काट्याचा जुना पीसी एसएमबी १, म्हणजे तिची जुनी आवृत्ती, मागेल. देऊ नका, नवा पीसी मागा. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेनं पसरला.

शेवटी क्लायंटवरून सर्व्हरला पिंग, म्हणजे तो उत्तर देतो का याची चाचणी. आयपीनं उत्तर येतं पण नावानं नाही? शॉर्टकटमध्ये सरळ आयपी लिहा. आयपीनंही नाही? फायरवॉल पिंग गिळतो, तो आधी बघा, केबल नंतर. आणि स्विच (सगळ्या केबल जोडायची पेटी) कापसाच्या तंतूंपासून लांब ठेवा. मे महिन्यात पत्र्याखाली तर नकोच.