आवाज बदलणारे बँड ऐकायचे कसे

धरमपेठेत माझ्याकडे गिटार शिकायला येणारी पोरं विचारतात, "सर, या बँडचा प्रत्येक अल्बम वेगळाच वाटतो, सुरुवात कुठून करू?" आधी जुना ऐका आणि मग थेट तो, जिथे आवाज पालटला. मधले नंतर.

टॉक टॉक हा इंग्लिश बँड घ्या. १९८२ चा 'द पार्टीज ओव्हर' म्हणजे चकचकीत सिंथ-पॉप, सिंथेसायझरवर बेतलेलं. त्यावर लगेच १९८८ चा 'स्पिरिट ऑफ ईडन' लावा, पण कूलर चालू असताना नको. नागपूरच्या मे महिन्यात पहाटे पाचलाच जमतं, तेही हेडफोन घालून. ट्रम्पेट अगदी दुरून, दबकत येतो, गिटार बऱ्याच वेळाने. लंडनच्या स्टुडिओत जवळपास अंधार करून वादकांना मनाला येईल ते वाजवू दिलं, आणि गायक मार्क हॉलिस व निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन यांनी त्यातलं बहुतेक टाकून दिलं. उरलं ते जीव लावून ऐकावं असं आहे.

रेडिओहेडचा १९९५ चा 'द बेंड्स' गिटारींनी भरलेला. २००० च्या 'किड ए'च्या पहिल्या गाण्यात गिटार नाही. आहे प्रॉफेट-५ सिंथेसायझर आणि तुकडे केलेला गायक थॉम यॉर्कचा गळा. मांडीवर दहा मात्रा मोजा. झपताल येत असेल तर मोजणं सोपं जातं, विभाग मात्र तसे पडत नाहीत.

गायक डेव्हिड बोवीचा १९७७ चा 'लो' घेतलात, तर रेकॉर्डची दुसरी बाजू आधी लावा. तिथे शब्द जवळपास नाहीतच.