पिकअपच्या केबिनमध्ये पाणी येतंय? सिलिकॉन मारायच्या आधी वाट शोधा

मागच्या पावसाळ्यात माझ्या पिकअपमध्ये क्लीनर साईडला पायाखाली पाणी साचायचं, म्हणजे नुसतं दमट नाही, घाट उतरताना मॅटखालून चुबुक चुबुक आवाज यायचा. समोरच्या काचेतूनच येत असणार असं धरून काचेभोवती सिलिकॉन मारून घेतलं, पैसे गेले आणि पाणी येतच राहिलं. शेवटी एक दिवस भाडं सोडलं, सीट, मॅट, नमदा (मॅटखालचा जाड फेल्टचा थर) सगळं बाहेर काढलं तेव्हा कळलं की पाणी दाराच्या आतून येत होतं, काचेचा काही संबंधच नव्हता. तोवर खालच्या पत्र्याला गंज धरला होता. त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितोय, आमच्या कोकणात जूनपासून चार महिने गाडी ओलीच असते आणि केबिनचा पत्रा एकदा आतून कुजायला लागला की डेंटरकडे मोठा खर्च होतो.

आधी बघा ते पाणी आहे का. बोटाला लावून चोळा, वास घ्या. चिकट लागलं, गोडसर वास आला, रंग हिरवा किंवा गुलाबी असला तर ते कूलंट, म्हणजे हीटरची जाळी किंवा तिचा पाईप गळतोय. ड्रायव्हरच्या पायाकडे, पेडलच्या वरून तेलकट ओघळ दिसला तर ते ब्रेक किंवा क्लचचं ऑईल असू शकतं, तेव्हा गाडी चालवूच नका, मेकॅनिकला बोलवा. स्वच्छ पाणी असेल तर मग आठवा कधी येतं. पाऊस नसताना, एसी लावल्यावरच येत असेल तर एसीचं पाणी बाहेर टाकणारी रबरी नळी चोंदलीये, ती गाडीखालून हलकी हवा मारून मोकळी होते, आत लोखंडी तार खुपसू नका. उभ्या गाडीत येत असेल तर पाणी वरून येतंय, आणि फक्त पाणी भरलेल्या रस्त्यावरून गेल्यावर येत असेल तर खालच्या पत्र्यात भोक आहे नाहीतर रबरी बूच निघालंय.

आता शोध. केबिन पूर्ण रिकामी करा, खरंच पूर्ण. आपल्याकडे बरेच जण नवीन गाडीला खाली चिकटवून लॅमिनेशनची मॅट टाकून घेतात, ती वरून कोरडी दिसते आणि खाली नमदा महिनाभर भिजलेला राहतो. सीटखाली पिवळ्या सॉकेटच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नका. सगळं पुसून कोरडं केलं की कडेकडेने पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा किंवा जुने पेपर अंथरा, पाण्याचा ओघळ त्यावर स्पष्ट उमटतो.

मग दोघं लागतात. एक जण दारं-काचा लावून टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर पाईप घेऊन. प्रेशर गन नको, बागेचा साधा पाईप, आणि पाणी खालून वर न्यायचं, हे महत्त्वाचं. आधी दाराची खालची कड, मग दाराची काच, मग समोरच्या काचेखालची जाळी, मग समोरची काच, मागची काच, शेवटी टप. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं थांबा. एकदम टपावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून वाहतं आणि काहीच समजत नाही. गाडी उतारावर असेल तर आत आलेलं पाणी दुसरीकडेच जाऊन साचतं, म्हणून गाडी सपाट जागेवर घ्या आणि साचलेल्या जागेवरून मागे मागे ओघळ धरत जा.

दाराचं सांगतो कारण माझं तेच होतं आणि बऱ्याच गाड्यांचं तेच असतं. दाराच्या काचेला लागून पाणी दाराच्या पोटात जाणारच, गाडी बनवणाऱ्यांनी ते धरलेलंच असतं, म्हणून दाराच्या खालच्या कडेला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात, आणि दाराच्या आतल्या पॅडच्या (केबिनच्या बाजूच्या आवरणाच्या) मागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो जो ते पाणी केबिनकडे येऊ देत नाही. काच वर-खाली करायची मशीन किंवा स्पीकर बसवताना कोणीतरी तो कागद फाडतं आणि तसाच सोडून पॅड लावून टाकतं. बाहेरून काहीही दिसत नाही! पॅड काढा, कागद फाटला असेल तर जाड प्लास्टिक कापून ब्युटाईल टेपने (न सुकणारी चिकट रबरी पट्टी) चारी बाजूंनी नीट चिकटवा, आणि खालची कड दाराच्या आत वळेल अशी ठेवा म्हणजे ओघळ आतल्या आत खाली जाईल. निचऱ्याची भोकं बारीक प्लास्टिक पट्टीने मोकळी करा, लाल मातीने ती पार लिंपून जातात. दाराचं रबर तपासायला दारात कागद धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाला तर तिथे रबर दबलंय किंवा दार खाली आलंय. दार खाली आलं असेल तर नवीन रबर घालून उपयोग नाही, आधी बिजागरी आणि लॉकचा हूक सेट करून घ्या.

दुसरी मोठी जागा वायपरखालची जाळी. गाडी आंब्याखाली किंवा गुलमोहराखाली लावता ना, तो सगळा पाला तिथे जातो, निचरा बंद होतो, आत डबकं होतं आणि ते पाणी ब्लोअरच्या तोंडातून पायाशी उतरतं. हे हाताने साफ होतं, फुकट. तसंच इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून वायरी जिथे आत येतात तिथली रबरं बघा, हॉर्न, म्युझिक, जीपीएस बसवणारे तिथे नवीन भोक पाडतात आणि उघडंच ठेवतात. टपावर कॅरिअर किंवा लाईटसाठी मारलेले स्क्रूही तसेच, आणि टपाच्या पन्हळीतलं जुनं सीलंट भेगाळलेलं असतं, त्यात नखाने उकरून बघा.

काच खरंच गळत असेल तर कोणत्या पद्धतीची आहे बघा. रबरात बसवलेली असेल तर रबराच्या ओठाखाली न सुकणारं सीलंट भरता येतं, चिकटवलेली असेल तर काच काढून पीयूने (काच चिकटवायच्या पॉलियुरेथेन सीलंटने) परत बसवायची, आणि खालचा गंज घासून प्रायमर मारल्याशिवाय बसवू देऊ नका. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन पत्र्यावर कुठेच नको, ते पत्र्याला गंज आणतं आणि नंतर त्यावर रंगही धरत नाही.

गळती सापडल्यावर नमदा उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, पाऊस असेल तर टेबल फॅनसमोर उभा टांगा. तो वरून लवकर सुकतो, आत दिवसेंदिवस ओला राहतो, पिळून खात्री करा. पत्र्यावरचा गंज घासून प्रायमर, रंग, मगच वर काही टाका.

हे सगळं मे महिन्यात करा, रोहिणी लागायच्या आत, कारण पाऊस सुरू झाला की सीलंट लावायला कोरडा पत्रा मिळत नाही. त्याच वेळी रबरांना सिलिकॉन ग्रीस पुसून घ्या, डिझेल किंवा जुनं ऑईल लावू नका, रबर फुगून सैल पडतं. वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा गन रबरापासून लांब धर. आणि पहिले दोन जोरदार पाऊस होईपर्यंत नमदा घरीच ठेवा, मॅटखाली नुसते पेपर टाकून गाडी चालवा, रोज संध्याकाळी मॅट उचलून पेपर कुठे भिजलाय ते बघा.