फर्मी वायूंचं मिश्रण लॅपटॉपवर: आधी वही, मग कोड

अमळनेरला एम.एस्सी.ची मुलं प्रोजेक्टला अतिशीत फर्मी वायू (निरपेक्ष शून्याजवळ थंड केलेला, ज्याचे दोन सारखे अणू एकाच अवस्थेत बसत नाहीत असा वायू) घेतात, तेव्हा मी आधी वही काढायला लावतो. उत्तर साधारण किती यायला हवं हे माहीत नसेल, तर कोड बरोबर की चूक हे कळणार कसं?

पोटॅशियम-४० घ्या. १९९९ साली डेबोरा जिन आणि ब्रायन डीमार्को यांनी याच अणूंचा फर्मी वायू क्वांटम अवस्थेपर्यंत थंड केला होता. दोन स्पिन अवस्था, प्रत्येकी १०,००० अणू, गोल हार्मोनिक सापळा (अणूंना स्प्रिंगसारखा केंद्राकडे ओढणारा), वारंवारता १०० हर्ट्झ. ऊर्जा एच-बार ओमेगात (सापळ्यातल्या लगतच्या पातळ्यांमधल्या अंतरात) मोजा, लांबी ऑसिलेटर लांबीत (सापळ्यातल्या सर्वांत खालच्या अवस्थेचा साधारण आकार, इथे सुमारे १.६ मायक्रोमीटर).

परस्परक्रिया शून्य धरा. फर्मी ऊर्जा (शून्य तापमानाला भरलेल्या सर्वांत वरच्या पातळीची ऊर्जा) म्हणजे एका स्पिनच्या अणुसंख्येच्या सहापटीचं घनमूळ: ६०,००० चं घनमूळ, ३९.१. तापमानात हे जेमतेम १९० नॅनोकेल्विन. फर्मी ऊर्जेच्या दुपटीचं (७८.३) वर्गमूळ ८.८५, ही ढगाची त्रिज्या. ७८.३ चा दीडवा घात भागिले ६ पाय-वर्ग, म्हणजे केंद्रातली घनता ११.७. हे तिन्ही आकडे लाल पेनने लिहून ठेवा.

आता कोड. सापळा गोल आहे, त्यामुळे त्रिज्येवरचे ६०० बिंदू पुरतात, ० ते १२ पर्यंत. चोपड्या-पारोळ्याहून येणाऱ्या मुलांच्या जुन्या लॅपटॉपवरही हे आरामात चालतं. प्रत्येक बिंदूवर केमिकल पोटेन्शिअलमधून (अणूंची एकूण संख्या ठरवणारी ऊर्जा) सापळ्याची ऊर्जा वजा करा, आणि जी गुणिले *दुसऱ्या* स्पिनची घनता वजा करा. एकाच स्पिनचे अणू पाउलीच्या नियमामुळे एस-वेव्हमध्ये (कमी ऊर्जेच्या समोरासमोरच्या टकरीत) धडकत नाहीत. जी म्हणजे ४ पाय गुणिले स्कॅटरिंग लांबी (दोन अणूंमधली परस्परक्रिया किती जोरदार ते सांगणारी लांबी). उरलेल्या संख्येच्या दुपटीचा दीडवा घात भागिले ६ पाय-वर्ग, ही तिथली घनता; संख्या ऋण आली तर घनता शून्य. ही अट लिहायची राहिली की दीडव्या घाताला कोड हमखास अडकतो. मग बायसेक्शनने (मधला आकडा घेऊन अंतर निम्मं करत) केमिकल पोटेन्शिअल असं शोधा की अणू १०,००० भरतील.

या घनतेवरून पुन्हा तेच गणित, घनता बदलायची थांबेपर्यंत. पण प्रत्येक फेरीत नवी घनता सगळी एकदम घेऊ नका. ८० टक्के जुनी, २० टक्के नवी. परस्परक्रिया वाढली आणि सगळी नवी घेतली, की ढग एका फेरीत फुगतो आणि पुढच्या फेरीत आकसतो. स्कॅटरिंग लांबी ०.०१, ०.०२, ०.०३ अशी हळूहळू वाढवा. के-एफ (फर्मी तरंगसंख्या, केंद्रात इथे ८.८५) गुणिले स्कॅटरिंग लांबी केंद्रात १.५७ च्या आसपास गेली की मीन-फील्डवर, म्हणजे दुसऱ्या स्पिनचा परिणाम सरासरी घनतेतून मोजणाऱ्या या पद्धतीवर, विसंबू नका, ०.०३ ला ती ०.२७ च आहे.

शेवटी व्हिरियल, म्हणजे ऊर्जांचा मेळ तपासणं: गतिज ऊर्जेची दुप्पट, वजा सापळ्याच्या ऊर्जेची दुप्पट, अधिक परस्परक्रियेची तिप्पट, बरोबर शून्य. नाही जमलं तर बिंदू दुप्पट करून पाहा. तरीही नाही, तर इंटिग्रलमध्ये त्रिज्येचा वर्ग आहे का ते बघा.